सगुणेचा होकार

या, असे पुढे सरकून बसा. मागे खांबाला टेकलेल्यांनाही बोलावतो आहे, कारण ही गोष्ट लांबून ऐकण्यातली नाही. कथा सांगायच्या आधी देवाला हात जोडावेत आणि मग श्रोत्यांना, अशी आपली रीत. दोन्ही झालं असं समजा. गोष्ट येऊ घातलेल्या दिवसांची आहे, पण तिच्यातली माणसं तुमच्याआमच्यासारखीच जेवतात, रुसतात, आरतीला उभी राहतात. एका बहिणीला कुणी काही विचारलं नाही, तरी तिचा होकार घेतला गेला, आणि तो साऱ्या देशाने तिच्याच आवाजात ऐकला. हे कसं घडलं ते सांगतो. मन इथे असू द्या.

वेदगंगेच्या काठी करंजवणे नावाचं गाव आहे. तिथल्या रवळनाथाची पूजा गुरवांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. कल्याणी गुरव त्या घरातली थोरली लेक. वडील देवाला कौल लावायचे; मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि कोणती आधी पडते त्यावरून देवाचं उत्तर ओळखायचं. कौल मागणारा माणूस स्वतः ओल्या अंगाने देवासमोर उभा राहिल्याशिवाय ते पाकळीला हात लावत नसत. कल्याणीने पूजा चुलतभावांवर सोपवली आणि नारदीय कीर्तनाची वाट धरली. आईवडील लवकर गेले तेव्हा धाकटा केदार शाळेत होता. त्याला वाढवताना हिचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि त्याची खंत तिने कधी केली नाही. केदार फौजेत गेला, अक्षताशी त्याचं लग्न झालं. कीर्तनाला पेटी धरायची असली की अक्षता धरायची. घरात नणंद-भावजय दोघीच, आणि गावाला हेवा वाटावा असं त्यांचं गूळपीठ.

केदारची तुकडी सेरांबाला होती. सेरांबा म्हणजे समुद्रापलीकडचा एक लहानसा देश. तिथे यादवी पेटली आणि शांतता राखायला आपली फौज गेली. पाठवली ती आधीच्या सरकारने, आणि तिथेच ठेवली ती आताच्या सरकारने. बंडखोर किनाऱ्याकडे सरकू लागले तशा आपल्या चौक्या एकेक करून उठवायला घेतल्या. हेलिकॉप्टरं थोडी होती आणि चौक्या पुष्कळ. दीपस्तंभाची चौकी उठवायची राहिली ती राहिलीच. तिथेच केदार कामी आला, आणि त्याच्याबरोबर आणखी तिघं.

सुतक फिटल्यावर एका सकाळी दोघी टीव्हीसमोर बसल्या होत्या. लोकसभेत सेरांबावर चर्चा होती. संरक्षणमंत्री भार्गव रणनवरे उभे राहिले.

"ही तुकडी गेली कुणाच्या सहीने?" त्यांनी समोरच्या बाकांकडे बोट केलं. "तुमच्या. तुमचं ओझं आम्ही वाहतोय."

विरोधी पक्षनेत्या शर्वरी जाचक बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "जड होत होतं तर उतरवायचं. दोन वर्षं काय गोट्या खेळत होता?"

"गोट्या तुमच्याच. खुर्चीत बसलो तेव्हा फटीत सापडल्या."

बाकं वाजली. दोन्हीकडचे लोक हसले.

"हसतायत, ताई," अक्षता हळूच म्हणाली.

पडद्यावर मंत्र्यांनी हात वर करून सभागृह शांत केलं, आणि आवाज एकदम मऊ केला.

"दीपस्तंभाची चौकी ठेवायची की उठवायची, हे आम्ही मनाने ठरवलं नाही. जनकौल प्रणालीने जवानांच्या घरांशी सल्लामसलत केली. त्यांचा होकार होता. एका वीरभगिनीचे शब्द सभागृहाला ऐकवतो."

आणि टीव्हीतून कल्याणीताई बोलल्या.

"जागा सोडून आला तर मी त्याला ओवाळू कोणत्या तोंडाने? थांबू दे त्याला. मी उभी आहे इथे."

आवाज तोच. शेवटचा शब्द किंचित ओढून सोडायची लकब तीच. वाक्य संपताना घेतलेला श्वाससुद्धा त्यांचाच. खाली तारीख झळकत होती, केदार कामी यायच्या आधीची.

कल्याणीताईंच्या हातातली वाटी कलंडून ताक मांडीवर सांडलं. ते थंड लागलं, एवढंच त्यांना कळलं. तिकडे शर्वरीबाई उठल्या, आणि या साऱ्या प्रकरणात पहिल्यांदाच त्यांनी मंत्र्यांना विरोध केला नाही. जनकौल यंत्र त्यांच्याच राजवटीत खरेदी झालं होतं. "कुटुंबांचाच होकार असेल," त्या म्हणाल्या, "तर त्या भगिनीच्या त्यागापुढे मी नतमस्तक आहे." इतके दिवस दोन बाकांमध्ये टोलवला जाणारा दोष त्या सकाळी सभागृहातून बाहेर पडला आणि करंजवण्यातल्या एका उंबऱ्यावर येऊन बसला.

अक्षताने टीव्ही बंद केला.

"कधी विचारलं त्यांनी तुम्हाला?"

"विचारलंच नाही गं."

"मग आवाज कुणाचा होता?"

"माझा."

"मग?"

ताईंना 'मी असं बोललेच नाही' असं म्हणायचं होतं. पण जीभ अडखळली. ते शब्द त्यांच्या ओळखीचे होते. कधीतरी, कुठेतरी, हे आपल्याच तोंडून गेलं आहे, असं त्यांना आतून वाटत होतं आणि काही केल्या आठवत नव्हतं. ते अडखळणं अक्षताने पाहिलं.

"मला सांगायचं तरी होतं, ताई. मी भांडले असते. दिल्लीला जाऊन पायरीवर बसले असते." तिचा आवाज चढला नाही, हेच ताईंना जास्त लागलं. "तुम्ही त्याच्या आईच्या जागी. तुम्ही थांब म्हटल्यावर मी कोण?"

त्या दिवसापासून अक्षता स्वयंपाक करायची, ताट वाढून झाकून ठेवायची आणि स्वतः मागच्या पडवीत जेवायची. हाक मारली तर ओ द्यायची, पण 'ताई' म्हणायची नाही.

दुसऱ्या दिवशी दारात दोन गाड्या एकदमच आल्या. एकीतून सत्ताधारी पक्षाचा तालुकाप्रमुख संग्राम चौगले उतरला, शाल-श्रीफळ घेऊन. दुसरीतून विरोधी पक्षाचा दिग्विजय पोवार, काखेत गुंडाळलेला बॅनर घेऊन. दोघं एकाच शाळेचे, एकाच बाकावरचे.

"ताई, आख्ख्या देशात नाव केलंसा," चौगले म्हणाला. "भावापेक्षा देश मोठा म्हणालासा. मंत्रीसाहेब सोता फोन करणार हाईत."

"ताई, याचं काय ऐकू नगासा," पोवार म्हणाला. "सरकारनं तुमचा आवाज चोरलाय. ह्यो बघा, बॅनर करूनच आणलाय." त्याने बॅनर थोडा उलगडला, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. तो जरा बाजूला जाऊन 'हो साहेब, हो' करत राहिला. परत आला तेव्हा बॅनर पुन्हा गुंडाळत होता. "चोरला असं नगं म्हणायला. यंत्र आपल्याच टायमाला घेतलंय म्हणं. 'वापरला' म्हणूया का?"

"रंग वाळायच्या आधीच शब्द बदलतोस व्हय रं?" चौगले म्हणाला.

"तू शाल कुणाच्या पैशानं आणलीस ते सांग आधी."

"तुमच्या शाली आणि तुमचे शब्द दोन्ही घेऊन जा," कल्याणीताई म्हणाल्या. "मी कुणाला काही म्हटलेलं नाही."

"पर आवाज तर तुमचाच हाय न्हवं?" चौगल्याने विचारलं, आणि त्यात खोच नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं. गावालाही कळत नव्हतं. देवळात बायका ताईंच्या पाया पडायच्या आणि पाठ फिरली की कुजबुजायच्या.

मग रेहाना पटवेगार आली. मिरजेची मुलगी, तिशीतली, पाठीवर एक पिशवी. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने आधीच सांगून टाकलं, "मी जनकौल बनवणाऱ्या कंपनीत होते. परवा नोकरी सोडली. हाकलून दिलंत तरी चालेल, पण एकदा ऐकून घ्या."

ताईंनी तिला आत बोलावून पाणी दिलं. अक्षता स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला, म्हणजे तीही ऐकत होती.

"केदारदादांशी बोलायला पलटणीने तुम्हाला 'भेट' नावाचं ॲप दिलं होतं ना?"

"सगळ्यांनाच दिलं होतं."

"ते उघडताना खाली एका चौकोनात मान्य म्हणून टिचकी मारावी लागते."

"मारली असेल. वाचतं कोण ते."

"कुणी नाही," रेहाना म्हणाली. "मीसुद्धा नाही वाचत."

तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. बोलताना एका शब्दामागून कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधणारी यंत्रं आता घरोघरी आहेत. पत्रं लिहितात, मुलांचा अभ्यास घेतात. अशा यंत्राला एकाच माणसाचं पुष्कळ बोलणं ऐकवलं, की ते त्या माणसासारखं बोलू लागतं. शब्द त्याचे, सूर त्याचा, मतंही त्याचीच वाटावीत अशी. जनकौलाने प्रत्येक जवानाच्या घरच्या माणसांची अशी एकेक प्रतिकृती केली. कंपनीत त्यांना सावल्या म्हणत. सावलीला विचारायचं, जवान गेला तर तू काय करशील? रस्त्यावर येशील? कोर्टात जाशील? की नशीब म्हणून गप्प बसशील? एकदा नाही, हजारो वेळा विचारायचं, दर वेळी प्रसंग थोडा बदलून. मिळालेल्या उत्तरांची सरासरी काढली की त्या घराचा क्षोभांक मिळे. चौकीतल्या सगळ्या घरांचे आकडे एकत्र केले की चौकीचा. ज्या चौकीची घरं जास्त आकांत करतील, ती आधी उठवायची.

"गरिबाघरची पोरं मागे ठेव, असं आम्ही यंत्राला शिकवलं नव्हतं, ताई," रेहाना म्हणाली. "देशात कमीत कमी खळबळ होईल असा क्रम लाव, एवढंच सांगितलं होतं."

"आणि मंत्र्यांना हे माहीत आहे?"

"त्यांना आहे, जाचकबाईंनाही आहे. म्हणून तर दोघांचं एकमत झालं. दोष द्यायला तिसरं कुणीतरी सापडलं."

ताईंची नजर तिच्या पिशवीवर गेली. "माझी सावली आहे तुझ्याकडे?"

"आहे. आणायला नको होती. गुन्हा आहे तो."

"बोलव तिला."

रेहानाने एक काळी डबी पाटावर ठेवली. तिच्यावर बारीक हिरवा दिवा लागला.

"कोण बोलतंय?" ताईंनी विचारलं.

"मी कल्याणी. आपण?"

आरशातलं रूप आपल्या आधी हलावं, तसं काहीसं ताईंना वाटलं. "केदारला खायला काय आवडतं?"

"आंबोळी. कडेला करपलेली लागते त्याला. पांढरी दिली तर ताटात तशीच ठेवतो."

अक्षता पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"केदार चौकीत अडकलाय," ताई म्हणाल्या. "परत बोलावू त्याला?"

मग आवाज आला तो तोच, पण भरदार, ताठ, जरा वरच्या पट्टीतला. "आला तर मी दरवाजा अडवून उभी राहीन. हे निरांजन जिंकून येणाऱ्यासाठी लावलंय. बहीण म्हणून नाही सांगत मी, या मातीची लेक म्हणून सांगते. माघारी फिर."

ताईंनी डोळे मिटले. "बंद कर," त्या म्हणाल्या. आणि मग हळूहळू, एकेक शब्द उचलून ठेवावा तशा, "ही मी नाही. ही सगुणा आहे."

"कोण सगुणा?" रेहानाने विचारलं.

सगुणा कधी जन्मलीच नव्हती. कल्याणीताईंनी उत्तररंगासाठी स्वतः रचलेल्या आख्यानातली ती गडकऱ्याची बहीण. वेढा पडलेला असताना भाऊ बुरूज सोडून घरी येतो आणि ही ओवाळणीचं तबक घेऊन दार अडवते. आता कीर्तनाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. आख्यान रंगात आलं की कीर्तनकार 'सगुणा म्हणाली' असं म्हणत बसत नाही. ताई पदर डोक्यावरून घ्यायच्या, अर्धं पाऊल डावीकडे सरकायच्या, आणि सगुणा व्हायच्या. पदर खांद्यावर आला की पुन्हा कल्याणी. समोर बसलेल्या शेंबड्या पोरालासुद्धा कोण बोलतंय ते कळायचं. यंत्राला आवाज मिळाला होता, पदर मिळाला नव्हता.

रेहानाने कपाळावर हात मारून घेतला. "ते आख्यान नेटवर लाखो लोकांनी ऐकलंय. जे जास्त ऐकलं गेलं ते या माणसाचं पक्कं मत, असं यंत्र धरतं. आम्ही तपासायला हवं होतं. कुणीतरी आपल्या आवाजात दुसऱ्याचं बोलत असेल, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टाकलं कुणी होतं ते नेटवर?"

"त्यानेच," अक्षता म्हणाली. ती दारातच खाली बसली. "गेल्या रजेत. सगळ्या पलटणीला दाखवायचं होतं त्याला. माझी ताई बघा म्हणून."

चुलीवर भाकरी जळत असल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

"माझी पण सावली असेल," अक्षताने शेवटी विचारलं. "ती काय म्हणाली?"

रेहानाने मान खाली घातली. "तुमची सावली रस्त्यावर बसली होती. उठतच नव्हती. पण या घरात ताईंचा शब्द चालतो, हे यंत्राने तुमच्या फोनवरच्या बोलण्यातून ओळखलं होतं. तुमचं उत्तर त्याने हलकं धरलं."

"म्हणजे मी ओरडले होते," अक्षता म्हणाली. तिने पिठाचे हात तोंडावर धरले. ताई उठून तिच्याजवळ गेल्या, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही. अक्षतानेही वर पाहिलं नाही. पण त्या दिवशी ती पडवीत जेवायला गेली नाही.

निघताना रेहाना उंबऱ्यात थांबली. "एक सांगायचं राहिलं. मिठागराजवळची चौकी अजून तिथेच आहे. तिच्यात विश्राम साखरे म्हणून एक जवान आहे, बालकाश्रमात वाढलेला. सावली करायला त्याच्यामागे कुणीच नाही. त्याचा आकडा शून्य आहे, बाकीच्यांचेही फार नाहीत. ती चौकी सगळ्यात शेवटी उठेल. उठली तर."

"आम्ही काय करणार त्याला?"

"यंत्र रोज ऐकतं, ताई. फोनवरचं, नेटवरचं, उघड बोललेलं सगळं. आकडे रोज बदलतात. तुम्ही गप्प राहिलात, तर अशी घरं गप्प राहतात असं ते शिकेल."

रवळनाथाच्या उत्सवातलं कीर्तन दर साली कल्याणीताईंचंच. यंदा त्या करणार नाहीत असं गाव धरून चाललं होतं. त्यांनी निरोप पाठवला, करणार आहे. संध्याकाळी उन्हं उतरायला लागली तेव्हा मंडप भरला. पहिल्या रांगेत एका टोकाला चौगले, दुसऱ्या टोकाला पोवार. ताई गादीकडे निघाल्या तसा चौगले उठून कानाशी म्हणाला, "ताई, आज सगुणाच लावा. वरची मानसं लाइव्ह बघत्यात."

ताई गादीवर उभ्या राहिल्या. नारदाच्या गादीवर उभं राहिलं, की कीर्तनकाराचं नाव, घर, सुखदुःख सगळं खाली राहतं. गादीवर स्वतःचं रडायचं नसतं. ताईंच्या गुरूंचा मुलगा दवाखान्यात पडून असताना त्यांनी अडीच तास कीर्तन केलं होतं आणि त्याचा एका शब्दाने उच्चार केला नव्हता. ताईंनी हा नेम आजवर मोडला नव्हता. पूर्वरंगात त्यांनी नामाचा महिमा सांगितला. देवाला एवढी नावं कशाला हवीत? तर कुणीतरी, कुठल्या तरी नावाने, कुठे ना कुठे हाक मारत राहावं म्हणून. आवाज लागला होता. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत होते, आणि मला सांगा, त्या सुखाला कशाची तोड आहे?

मध्यंतराला कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा. ताट घेऊन पंच उठले, पण पेटीवरून अक्षता आधीच उठली होती. तिने त्यांच्या हातून ताट घेतलं. टीव्हीवरच्या त्या सकाळपासून तिने ताईंना स्पर्श केला नव्हता. तिने हार घातला, अंगठा बुक्क्यात बुडवला, आणि ताईंच्या कपाळाला लावताना तो तिथेच थोडा जास्त वेळ राहिला.

"बोला आता, ताई," ती म्हणाली.

कल्याणीताईंनी हार उतरवून गादीवर ठेवला. मग त्या गादीवरून खाली उतरल्या आणि अनवाणी फरशीवर उभ्या राहिल्या. पदर खोचला. मंडपात कुजबुज झाली, कारण असं कुणी करत नसतं.

"आता जे बोलते आहे ते कल्याणी गुरव बोलते आहे," त्या म्हणाल्या. "यात सगुणा नाही, आख्यान नाही. मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, माझा भाऊ घरी आणा. चौकी राहो की जावो. लोक भित्रा म्हणाले असते तर म्हणू दे, मी त्याला दारात ओवाळून आत घेतलं असतं. सरकार कुणाचंही असो, होकार माझा नव्हता. ज्यांनी तो ऐकवला त्यांना माहीत होतं की तो माझा नाही."

चौगल्याने फोन हळूच खिशात घातला. पोवार पुढे सरसावून टाळ्या वाजवणार, तोच ताई त्याच्याकडे वळल्या. "तुमच्या जाचकबाईंनाही माहीत होतं." त्याचे हात मांडीवर परत गेले.

"केदार आता यायचा नाही," ताई म्हणाल्या. इथे त्यांचा आवाज फाटला, आणि त्यांनी तो सावरला नाही. "पण मिठागराच्या चौकीत विश्राम साखरे नावाचा एक जण उभा आहे. त्याच्यासाठी रडणारं कुणी नाही, म्हणून त्याला शेवटी आणायचं ठरलंय. ज्यांच्या खिशात फोन आहेत त्यांनी ते बाहेर काढा. यंत्र ऐकतंय. त्याला सांगा, विश्राम तुमचा कोण लागतो ते."

मग बायकांच्या बाजूने जनाक्का कुंभारणीचा चिरका आवाज आला. "इश्राम माझा नातू हाय. त्याला आना."

"म्हातारे, तुला नातू कवा झाला?" कुणीतरी म्हणालं.

"आत्ता झाला. गप बस, ऐकू दे त्याला."

मग कुणी त्याला पुतण्या केलं, कुणी भाचा. एकाने जावई केलं, तशी बायकांत बसलेली त्याची मुलगी लाजली. ते बोलणं गावातून गावात गेलं. कापशीला, निपाणीला, पलीकडे बार्शी-नांदेडपर्यंत कीर्तनकारांनी आरतीच्या आधी विश्रामचं नाव घेतलं. ज्याला कालपर्यंत कुणी नव्हतं, त्याचं गणगोत एका आठवड्यात साऱ्या मुलखाएवढं झालं.

आणि मिठागराची चौकी उठली. टीव्हीवर विश्राम साखरे हेलिकॉप्टरमधून उतरताना दिसला; सडपातळ, कानांपर्यंत उन्हाने काळवंडलेला, कॅमेऱ्याकडे न बघणारा. लोकसभेत रणनवरे म्हणाले, संवेदनशील सरकार असलं की असं होतं. शर्वरीबाई म्हणाल्या, आमचा दबाव नसता तर तुम्ही हललाही नसता. आता श्रेयाची ओढाताण चालली होती, आणि हसू तेच होतं.

करंजवण्यात पेढे वाटले. अक्षताने कितीतरी दिवसांनी आंबोळ्या केल्या. दोघी एका ताटाशी बसल्या होत्या तेव्हा रेहानाचा फोन आला.

"ताई, पेढे वाटू नका," ती म्हणाली.

"का गं? आला ना तो."

"तो आला. पण यंत्र बंद केलेलं नाही, आणि क्रम लावायचा म्हटला की शेवटी कुणीतरी येणारच. विश्रामचा आकडा वर गेला तशी दुसरी चौकी तळाशी सरकली. टेकडीवरची. त्यांचं हेलिकॉप्टर मिठागराला वळवलं."

ताईंच्या हातातला घास हातातच राहिला. "तिथे कोण आहे?"

"मन्साराम कासदेकर. मेळघाटातला. घरी आई आहे, सुगराय. ती कोरकूत बोलते, ताई, आणि यंत्राला कोरकू येत नाही. ती मुलाशी फोनवर तास तास बोलते, मी रेकॉर्डिंग ऐकलंय. हसते, रागावते, गाते. यंत्राला त्यातलं अक्षर कळत नाही. तिची सावली केलीय, पण ती बोलतच नाही. जे बोलत नाही ते शांत राहील, असं धरलंय त्याने."

फोन ठेवल्यावर अक्षता म्हणाली, "आपण ढकललं का त्याला तिथे?"

कल्याणीताईंनी हातातला घास ताटात परत ठेवला. विश्रामसाठी त्यांनी हाक घातली होती, ती खोटी नव्हती. त्या हाकेने एका आईचं पोर शेवटच्या जागेवर गेलं होतं, आणि त्या आईला ते सांगायला यांच्याजवळ तिची भाषा नव्हती.

मग त्या उठल्या. हात धुतले. "पिशवी भर," त्या अक्षताला म्हणाल्या. "मेळघाटातल्या धारणीची गाडी कुठून सुटते ते विचार. सुगरायसमोर जाऊन उभं राहायचं. कोरकू येणारं कुणी वाटेत भेटेल."

श्रोतेहो, त्या दोघी अजून वाटेत आहेत, आणि टेकडीवरच्या चौकीत अजून माणसं उभी आहेत. मला एवढंच ठाऊक आहे. तुम्ही घरी जाल, पोराबाळांना जवळ घ्याल, देवाला दिवा लावाल. लावताना थोडं थांबा. मन्साराम कासदेकर. आई सुगराय. ती काय बोलते ते तुम्हाला-मला कळत नाही, पण ती बोलते आहे. तिच्या लेकाची आठवण ठेवा.